जेवला की लगेच बाहेर काढतो, हेअरबॉल म्हणायचा की अजून काही?

ढोल्याची_मम्मा

नमस्कार मंडळी, मांजरवाल्यांचा सल्ला हवाय. आमचा ढोल्या, साडेतीन वर्षांचा बोका, पर्शियन मिक्स (विकणाऱ्याने प्युअर सांगितलं होतं, व्हेट त्याचं नाक बघून नुसतेच हसले), न्यूटर (नसबंदी) झालाय, वजन पाच किलोच्या आसपास. फ्लॅटमधेच असतो, बाहेर सोडत नाही.

तर प्रॉब्लेम असा की हल्ली हा जेवतो, पाण्याच्या वाटीपर्यंत जातो आणि तिथेच सगळं बाहेर. अख्खे दाणे, चावलेले पण नाहीत, नुसते फुगलेले आणि लांबट आकारात पडलेले असतात. बरं त्याला काही झालंय असं पण वाटत नाही, शेपटी वर करून लगेच ओट्यापाशी परत जेवण मागायला हजर. कधीकधी तर पडलेलंच परत खायला जातो, मी पोछा आणेपर्यंत त्याला दम नसतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी होतंय.

आणि याच्याशिवाय अधूनमधून केसांचा गोळा पण काढतो, तो मात्र वेगळाच प्रकार, पहाटे आधी ते गचक गचक आवाज, मग करंगळीएवढा काळपट गोळा, आणि पूर्ण हॉलची फरशी मोकळी असताना नेमका पायपुसण्यावर.

घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात मांजर आहे, ओकणारच, आमच्या वेळी कोण डॉक्टरकडे नेत होतं. नवऱ्याने हेअरबॉल पेस्ट मागवली, ढोल्या ती आवडीने चाटतो पण फरक शून्य. आणि मुलगी म्हणते त्याला कॅन्सर असेल, तिने नेटवर वाचलंय. मी बापडी मधे. ड्राय फूड गेल्या वर्षापासून तेच आहे. काय करू? सरळ व्हेटकडे नेऊ की आधी घरी काही करता येईल? नेहमीचे व्हेट सध्या गावाला गेलेत म्हणून इथे विचारतेय.

बोकोबा

हेअरबॉल. पेस्ट डबल करा, थोडं गवत खायला द्या, विषय संपला. माझे दोन्ही बोके असेच आहेत.

पागोळी

बोकोबा, एवढ्यात संपवू नका विषय.

ढोल्याच्या मम्मा, तुम्ही स्वतःच दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्यात बघा. पहाटेचं गचक गचक आणि मग केसांचा गोळा, ती खरी उलटी. त्यात मांजर दबा धरल्यासारखं खाली बसतं, ओठ चाटतं, लाळ गळते, पोट जोरजोरात आत-बाहेर होतं आणि मग येतं. ते जठरातून येतं. पण जेवल्या जेवल्या मान खाली घातली आणि काही त्रास न होता अख्खे दाणे बाहेर, हे बऱ्याचदा जठरापर्यंत नीट पोचलेलंच नसतं, अन्ननलिकेतूनच परत आलेलं असतं, म्हणून तर लांबट पडतं. किंवा जठरात पोचून पाचेक मिनिटात परत. या दुसऱ्या प्रकाराचा केसांशी संबंध असेलच असं नाही, त्यामुळे पेस्ट देऊन फरक पडला नाही यात मला तरी काही नवल वाटत नाही.

मी डोंबिवलीत मांजरं फॉस्टर करते (कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते), घरात कायम चार-पाच असतात, आणि जेवल्या जेवल्या ओकणाऱ्यांमधे नंबर एकचं कारण म्हणजे हावरटासारखं गिळणं. ड्राय फूड कोरडं असतं, दाणे न चावता भसाभस गेले, वर पाणी प्यायलं की ते फुगतात आणि पोट म्हणतं परत घ्या.

तीन गोष्टी सांगा. एक, घरात दुसरं कुठलं जनावर आहे का? दोन, दिवसाचं खाणं किती वेळात विभागलंय? तीन, वजन कमी झालंय का? आणि पुढच्या वेळी पुसायच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ काढा. शी वाटलं तरी काढा, व्हेटला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा तो व्हिडिओ जास्त सांगतो.

तात्या_वाईकर

आमच्या वाड्यात आठ-दहा मांजरं असायची कायम, त्यांना कधी पेस्ट नाही की बिस्ट नाही. केस अडकले वाटलं की आई चमचाभर एरंडेल नाहीतर गोडेतेल तोंडात ओतायची, दुसऱ्या दिवशी मांजर टुणटुणीत. हल्ली सगळ्याचं औषध झालंय. एरंडेल देऊन बघा ताई.

गुरांची_डॉक्टर

तात्या, आदर राखून सांगते, हे कृपया कोणी करू नका. मी व्हेट आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते (नावाप्रमाणे सुरुवात म्हशींपासून झाली, आता क्लिनिकमधे निम्मी मांजरंच असतात).

मांजराच्या तोंडात जबरदस्तीने तेल ओतलं की ते श्वासनलिकेत जायचा धोका असतो. पाणी चुकून गेलं तर मांजर खोकतं तरी, तेल मात्र गुपचूप घसरतं, विशेषतः लिक्विड पॅराफिन (बद्धकोष्ठावर देतात ते तेल), त्याला ना चव ना वास. त्यातून होणारा न्यूमोनिया वाईट असतो आणि बरा व्हायला महिनोन्महिने जातात. हेअरबॉल पेस्ट घट्ट असते आणि मांजर स्वतः चाटतं, म्हणून ती चालते. चाटत नसेल तर पुढच्या पंजाला लावायची, ते साफ करताना पोटात जाते. एरंडेल तर जुलाबाचंच औषध आहे, पाच किलोच्या जिवाला चमचाभर म्हणजे किती झालं विचार करा.

पागोळी यांनी बरोबर लिहिलंय. मी थोडं केसांबद्दल सांगते कारण लोकांचा फार गैरसमज असतो. मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले बारीक काटे असतात, आपल्या नखात असतं त्याच केराटीनचे. चाटताना सुटलेला केस त्यात अडकला की तो बाहेर थुंकायची सोय नाही, गिळावाच लागतो. पण त्यातले बहुतेक केस आतड्यातून पुढे जाऊन शीवाटे निघून जातात. थोडे जठरात राहिले, गुंतले, की त्याचा गोळा. म्हणजे निरोगी लांब केसांच्या मांजराने क्वचित एखादा गोळा काढला तर ठीक. पण दर आठवड्याला गोळे येत असतील तर एकतर ते गरजेपेक्षा जास्त चाटतंय, म्हणजे पिसवा, अंगाला खाज, टेन्शन, नाहीतर कुठेतरी दुखतंय, किंवा मग पोट-आतड्याची हालचाल मंद झालीये आणि जे केस एरवी निघून गेले असते ते अडकतायत. आतड्याच्या जुनाट आजारात आणि फूड ॲलर्जीत हे दिसतं. "हेअरबॉलच तर आहे" म्हणून वर्षभर थांबलेली मांजरं आमच्याकडे खूप येतात.

अजून एक. मान लांब करून जमिनीलगत बसून गचके देतंय पण दरवेळी बाहेर काहीच येत नाही, असं असेल तर तो हेअरबॉल नसून दमा असू शकतो. दोन्ही लांबून सारखंच दिसतं. व्हिडिओ दाखवा.

ढोल्याची_मम्मा

बापरे केवढी माहिती, सगळ्यांना धन्यवाद. पागोळी ताई, उत्तरं देते.

हो, दुसरं जनावर आहे. पार्किंगमधे सापडलेलं पिल्लू, चिंगी, साधारण तीन-चार महिन्यांची असेल, दिवाळीनंतर आणली. दोघांच्या वाट्या किचनमधे शेजारी शेजारी. जेवण सकाळी आठ आणि रात्री साडेआठ, मी ऑफिसला जाते त्यामुळे मधे काही नाही. वजन उलट वाढलंय थोडं.

आणि आज सकाळी व्हिडिओ काढला. पोट वगैरे काही हललं नाही, चालता चालता मान खाली आणि भस्सकन बाहेर. आणि व्हिडिओत मागे चिंगी लगेच त्याच्या वाटीत तोंड घालताना दिसतेय 😅 आत्ता विचार केल्यावर वाटतंय की हे चिंगी आल्यानंतरच सुरू झालंय. तसंच असेल का?

पागोळी

अगदी तसंच असेल! पंगतीत शेजारचा आपल्या पानातली जिलबी पळवणार असं दिसलं तर आपण पण तेच केलं असतं. त्याच्या डोक्यात एवढंच की ही पोरगी येण्याआधी संपवा. त्यात बारा तासांची गॅप, म्हणजे भूक पण कडकडीत.

आजपासून एवढं करा. दोघांना वेगळ्या खोल्यांत जेवायला घाला, दार बंद, एकमेकांना दिसायला पण नको. ढोल्याचं दिवसाचं जेवढं आहे तेवढंच चार भागात करा, सकाळी उठल्यावर, ऑफिसला निघताना, आल्यावर, झोपताना. दुपारसाठी टायमरवाला फीडर मिळतो पण लगेच खर्च करू नका, आधी हे बघा.

आणि वाटीऐवजी जुनं इडलीपात्र काढा. खरंच सांगतेय. एकेका खड्ड्यात पाच-सहा दाणे टाकायचे, त्याला जिभेने एकेक काढावा लागतो, दोन मिनिटात संपणारं जेवण दहा मिनिटं चालतं. बाजारात स्लो फीडर म्हणून मिळतात ते पाचशे-सातशेला, काम तेच. फक्त ताट सरकतं म्हणून खाली ओला कपडा अंथरा, नाहीतर पहाटे सगळी सोसायटी उठेल.

इंजिनेर_बाबू

इडलीपात्र 🤣🤣 बायकोला विचारतो. पण आयडिया भारी आहे. आमच्याकडे मी ट्रेमधे टेबलटेनिसचे दोन बॉल ठेवून दाणे टाकतो, त्याला बॉल बाजूला करत खावं लागतं.

एक प्रश्न, दाणे किती द्यायचे याचा काही हिशोब असतो का? पाकिटावर लिहिलेलं मला कायम जास्त वाटतं.

गुरांची_डॉक्टर

घरात राहणाऱ्या, न्यूटर झालेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. बहुतेक ड्राय फूडमधे १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला ५५-६५ ग्रॅम. मुठीने नको, किचनच्या वजनकाट्यावर मोजा, मुठीचा अंदाज नेहमी फसतो. पेस्ट आणि ट्रीट पण त्यातच धरायची. ढोल्याला थोडं जास्त लागेल पण नावावरून वाटतंय की फार जास्त नको.

ढोल्याच्या मम्मा, व्हिडिओचं वर्णन आणि पिल्लाची वेळ बघता पागोळी म्हणतात ते पटण्यासारखं आहे. दहा-बारा दिवस हे करून बघायला हरकत नाही कारण तो खेळतोय, खातोय, वजन आहे. त्यातून थांबलं नाही तर तपासणी करा, कारण अन्ननलिकेचे आजार पण असेच दिसतात. पण खालच्यातलं काहीही दिसलं तर दहा दिवस नाही, दहा तास पण थांबू नका.

खाणं पूर्ण बंद. कुत्रं दोन दिवस उपाशी राहिलं तर चालून जातं, मांजराचं तसं नाही, विशेषतः जाड्या मांजराचं. दोन-तीन दिवस पोटात काही नाही गेलं तर शरीरातली चरबी लिव्हरमधे साठायला लागते आणि ते जिवावर बेततं.

सारख्या उलट्या, पाणी पण टिकत नाही, सुस्त पडलंय, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही. आणि बोका असेल तर लिटर बॉक्स बघा. शू ला बसतोय, जोर लावतोय, थेंब पण नाही, आणि सोबत उलट्या, तर ती पोटाची तक्रार नाही, मूत्रमार्ग तुंबलाय. ही खरी इमर्जन्सी, रात्री दोनला पण निघायचं. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय आणि सकाळपर्यंत थांबतात.

दोरा. शिवणकामाचा दोरा, राखीचा, गिफ्टवरची रिबन, संक्रांतीचा मांजा, केसांचं रबर. जिभेवरच्या त्या काट्यांमुळे एकदा दोरा तोंडात गेला की आतच जातो. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात, आणि आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडत गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही! आतडं कापलं जातं. तसंच घेऊन या.

आणि चिंगीबद्दल, तिचं लसीकरण झालंय का? बाहेरून आणलेलं पिल्लू किमान दोन आठवडे वेगळं ठेवायला हवं. पॅनल्यूकोपेनिया म्हणून जो आजार आहे त्यात पिल्लं उलट्या-जुलाबाने एक-दोन दिवसात जातात, आणि लस नसलेल्या मोठ्यांना पण होतो. तुमच्याकडे आता बराच काळ एकत्र आहेत त्यामुळे तो धोका टळलाय, पण लस आणि जंताचं औषध लांबवू नका. जंत ढोल्याला पण आले असतील. पिल्लांकडून मोठ्यांकडे जातात, आणि पोटातले जंत हे पण उलटीचं कारण. मोठ्या मांजराला साधारण दर तीन महिन्यांनी डोस. डोस वजनावर असतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याची अर्धी गोळी नाही.

म्हापसेकर

आमच्या गोव्यात हे हेअरबॉल-बिरबॉल नंतर, आधी बघतात पाल खाल्ली का. आमची मनी पावसाळ्यात पाल नाहीतर झुरळ खाते आणि रात्री अंगणात ओकते, शेपटीचा तुकडा दिसतो मग कळतं. फ्लॅटमधे पण पाली असतातच की.

झाडांचं पण बघा. मनीप्लांट चावलं की तोंडाची आग होऊन फेस आणि उलटी होते. आणि बुकेमधे येतात ती लिलीची फुलं मांजर असलेल्या घरात अजिबातच नको, नुसते परागकण अंगावरून चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी किडनी जाते. मावशीच्या इथे असं झालंय म्हणून जीव तोडून सांगतोय.

तात्या_वाईकर

डॉक्टरबाई, बरं, एरंडेल मागे घेतलं. 🙏 पण मग भोपळ्याचं काय? कुठेतरी वाचलं की लाल भोपळा देतात. आणि दूध? आमची मांजरं दुधावरच वाढली.

गुरांची_डॉक्टर

भोपळ्याला परवानगी आहे तात्या 🙂 लाल भोपळा नुसता वाफवलेला, कुस्करून, छोटा चमचा, ओल्या खाण्यात मिसळून. मीठ नाही, फोडणी नाही, आणि कांदा-लसूण तर नखभर पण नाही, त्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. फायबरमुळे केस शीवाटे पुढे सरकायला मदत होते. पेस्टच्या भरवशावर राहण्यापेक्षा ओलं खाणं वाढवा, पाणी पोटात जाईल असं बघा.

दुधाचं म्हणाल तर आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. काहींना चालतं, पुष्कळांना जुलाब आणि गॅस. वाड्यातली मांजरं दुधावर नाही, उंदरांवर वाढली असतील, दूध वरून!

आणि विषय निघालाय तर, घरातली पॅरासिटामोलची गोळी मांजराला कधीही नाही. एक गोळी पण मारू शकते.

शेवंता_परळ

मुंबईतल्यांसाठी, परळचं बैलघोडा हॉस्पिटल विसरू नका, १८८३ पासूनचं आहे आणि नावात बैल-घोडा असला तरी मांजरं पण बघतात.

माझं मत विचाराल तर केसांवर एकच खरा उपाय, विंचरणं. जो केस कंगव्यात आला तो पोटात जात नाही, बाकी सगळी पेस्ट-गवत-भोपळा ही नंतरची निस्तरपट्टी. लांब केसवाल्याला रोज पाच मिनिटं, छोट्या केसवाल्याला आठवड्यातून दोनदा. आधी रुंद दातांचा स्टीलचा कंगवा, मग बारीक. लोक वरवर पाठीवरून ब्रश फिरवतात आणि म्हणतात केला, पण गुंता होतो कानामागे, काखेत, पोटावर आणि मागच्या पायांच्या आत, तिथे जायला हवं. उन्हाळ्याच्या तोंडाला जास्त गळतं, तेव्हा शेवटी ओल्या हाताने अंगावरून फिरवा, सुटे केस हाताला येतात.

ढोल्याची_मम्मा

अपडेट. इडलीपात्र सुरू केलंय, सासूबाईंनी स्वतः काढून दिलं, आता रोज त्याच दाणे मोजून भरतात आणि "दमानं खा रे" म्हणत शेजारी बसतात. चिंगीला बेडरूममधे. तेव्हापासून एकदाच झालं, ते पण दार उघडं राहिलं होतं म्हणून. चिंगीची पहिली लस झाली, दोघांना जंताचं औषध झालं. डॉक्टर ताई, पुढचा डोस कधी ते आमच्याही व्हेटनी सांगितलंय पण एकदा कन्फर्म करते, तीन-चार आठवड्यांनी ना?

दुसरं म्हणजे शेवंता ताई, तुम्ही म्हणालात तसं पोटाखाली बघितलं तर गुंता आहे, दोन मोठ्या गाठी. हात लावू देत नाही. कात्रीने कापू का? की पूर्ण शेव्ह करून आणू?

गुरांची_डॉक्टर

लस हो, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, साधारण १६ आठवड्यांची होईपर्यंत.

कात्री नको. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गाठ ओढली की कातडी पण सोबत वर येते, तुम्हाला दिसत नाही आणि सरळ कापली जाते. टाके घालायला आठवड्याला एक तरी येतंच.

शेवंता_परळ

गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, मुळाशी केस बोटांनी घट्ट धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत या. एका बैठकीत सगळं नाही, जेवल्यानंतर झोपेत असेल तेव्हा दोन मिनिटं. अगदी कातडीला चिकटलेली असेल तर ग्रूमरकडे नाहीतर व्हेटकडे ट्रिमरने तेवढीच काढून घ्या, अख्खा बोका भादरायची गरज नाही. आणि गाठी असताना आंघोळ घालू नका, ओल्या गाठी अजून आवळतात. कंगवा हातात घेतला की त्याला ती पेस्ट चाटायला द्या, तशीही अर्धी ट्यूब उरलीच असेल.